लेवीय 19 आणि आपला रोजचा व्यवहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासात आम्ही जुन्या करारातल्या लेवीय ह्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय घेतला. सदतीस वचनं, एका बैठकीत उरकतील असा अंदाज होता. पाच आठवडे लागले. वाचन कमी आणि प्रश्न जास्त. तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात म्हणून इथे उत्तरांसह मांडतोय. उत्तरं माझी आहेत, मंडळीचा ठराव नाही.

सगळं बायबल सोडून लेवीयच कशाला?

वर्षभरात बायबल वाचून काढायचा संकल्प जानेवारीत होतो आणि फेब्रुवारीत लेवीयच्या होमार्पणांत रुतून बसतो, हा बहुतेकांचा अनुभव. चरबी, गुरदे, वेदीवर शिंपडलेलं रक्त वाचून माणूस थेट स्तोत्रसंहितेकडे वळतो. त्यामुळे एकोणिसावा अध्याय त्याला भेटतच नाही.

आणि गंमत अशी की तो त्याला पाठ असतो. ‘आपल्यासारखी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे वचन लेवीय 19:18 मधलं. येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली ती हीच. पौल ती रोमकरांस पत्रात आणि गलतीकरांस पत्रात पुन्हा सांगतो, याकोब तिला राजाचा नियम म्हणतो. पण मूळ जागी तिच्या आसपास काय आहे? पाच वचनं वर मजुराची रोजंदारी. पुढच्याच वचनात दोन जातींचं बी आणि मिश्र कापड. अध्यायाच्या शेवटी तराजू. आपण ते वचन कापून फ्रेममध्ये लावलं आणि त्याला त्याच्याच शेजाऱ्यांपासून तोडलं.

आपण नियमशास्त्राखाली, म्हणजे मोशेमार्फत इस्राएलाला दिलेल्या आज्ञांखाली, नाही ना? मग हे आपल्याला लागू कसं?

हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या माणसाने जुना करारच बाजूला काढला होता. जुन्यातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं तो म्हणे. रोमच्या मंडळीने इसवी सन 144 च्या सुमारास त्याला बाहेर काढलं. म्हणजे जुना करार ठेवायचा, हे त्या वेळीच ठरलं.

पण ठेवायचा म्हणजे सगळा जसाच्या तसा पाळायचा असंही नाही. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यरुशलेमेत नेमका हाच वाद झाला: परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करून मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळावं का? उत्तर नाही असं आलं. नियमशास्त्र पाळून तारण मिळत नाही, ते कृपेने मिळतं.

माझं म्हणणं एवढंच: तारण कशाने मिळतं हा एक प्रश्न, आणि तारण मिळालेला माणूस सोमवारी सकाळी दुकान कसं उघडतो हा दुसरा. इस्राएल लोकांनाही आधी मिसरातून सोडवलं, आज्ञा नंतर दिल्या. ह्या अध्यायात जवळजवळ पंधरा वेळा ‘मी परमेश्वर आहे’ असं येतं, आणि अखेरीस ‘ज्याने तुम्हांला मिसरातून आणले तो’ अशी ओळख दिली जाते. ओळख आधीची आहे, आज्ञा त्या ओळखीतून आलेली.

मग दाढीच्या कडा, मिश्र कापड, गोंदण ह्यांचं काय?

ह्या तीन प्रश्नांवर आमचा अख्खा एक आठवडा गेला. माझ्या मते तेवढी त्यांची लायकी नव्हती, म्हणून थोडक्यात.

टेरिकॉटचा शर्ट घालून उपासनेला या. मूळ आज्ञेतलं मिश्रण लोकर आणि तागाचं होतं (बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, 22:11). इस्राएलाने इतर राष्ट्रांपासून वेगळं राहावं म्हणून ज्या खुणा होत्या, त्यांतली ती एक. ती भिंत ख्रिस्तात पडली असं इफिसकरांस पत्र सांगतं. गोंदणाचं वचन (19:28) मृतासाठी अंगावर जखमा करून घेण्याच्या चालीला जोडून येतं. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांच्या कपाळावर आणि हातावर लहानपणीचं हिरवं गोंदण होतं आणि त्याच हातांनी त्यांनी प्रभुभोजन घेतलं. आजच्या पोराने टॅटू काढावा का, हा प्रश्न बापाच्या सल्ल्याचा आहे, लेवीयच्या अंमलबजावणीचा नाही.

पण मग आपल्याला सोयीचं तेवढं घ्यायचं, असं नाही होत?

होतं, आणि ही भीती बाळगलेली बरी.

नैतिक, विधींचे आणि राज्यकारभाराचे असे नियमांचे तीन कप्पे करायची पद्धत जुनी आहे. थॉमस अक्वायनसने ती तेराव्या शतकात नीट मांडली, पुढे प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही घेतली. कामाला येते. पण एकोणिसावा अध्याय ह्या कप्प्यांत बसत नाही. इथे प्रीती, बियाणं, बळी, म्हाताऱ्यांचा मान आणि वजनं सगळं एकाच पंक्तीला बसलंय.

मी दोन गोष्टी विचारतो. ही आज्ञा मूळ लोकांच्या हातून प्रत्यक्षात काय करवून घेत होती? आणि येशूने किंवा प्रेषितांनी तिला पुढे नेलं, पूर्ण केलं की मोकळं सोडलं? अन्नाच्या नियमांबाबत मार्क 7:19 मध्ये उत्तर मिळतं. बळींबाबत इब्री लोकांस पत्र ते सावली होते असं म्हणतं. मजुरीबाबत याकोब 5:4 ती आज्ञा अधिकच कडक करतो. उत्तर गैरसोयीचं आलं की समजावं, आपण बहुधा बरोबर वाचतोय.

आमच्याकडे शेतच नाही, तर कोपरा कुठला सोडणार?

हा प्रश्न पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण बहिणीने विचारला. पाच आठवड्यांतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

आधी आज्ञा नीट पाहू (19:9-10). कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका. खाली पडलेलं उचलू नका. द्राक्षमळाही झाडून नेऊ नका. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. खाली पडलेलं मागाहून वेचणं ह्याला आपल्याकडे सरवा वेचणं म्हणतात, आणि मराठी बायबलातही तोच शब्द आहे. भुईमूग काढल्यावर रानात उरलेल्या शेंगा वेचणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे वचन समजावून सांगावं लागत नाही.

किती सोडायचं हे लेवीय सांगत नाही. पुढे यहुदी गुरूंनी त्याचा हिशोब केला. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये ‘पेआ’ म्हणजे ‘कोपरा’ नावाचा एक भागच आहे. त्यात साठाव्या हिश्श्याहून कमी सोडू नये असं म्हटलंय, आणि शेताचा आकार, गरिबांची संख्या पाहून तो वाढवावा असंही.

आता रूथचा दुसरा अध्याय उघडा. जवाच्या कापणीच्या सुरुवातीला नामी आणि तिची सून रूथ बेथलेहेमात आल्या. रूथ विधवा, गरीब आणि वर मवाबी, म्हणजे कायद्यातल्या ‘गरीब’ आणि ‘परका’ ह्या दोन्ही शब्दांत बसणारी. ती सरवा वेचायला गेली ते दया मागायला नाही, कायद्याने तिचं जे होतं ते घ्यायला गेली. शेताचा मालक बवाज, त्याने काय केलं बघा. गड्यांना बजावलं की तिला हात लावायचा नाही (2:9). अशा वेचणाऱ्या एकट्या बाईला काय भोगावं लागत असेल, ते ह्या एका वाक्यातून कळतं. गड्यांनी भरलेलं पाणी प्यायला सांगितलं. जेवायला बसवून भाजलेले दाणे दिले, आपल्या हुरड्याच्या जवळचा प्रकार. आणि पेंढ्यांतून मुद्दाम थोडं ओढून टाका, तिला टाकून बोलू नका, असं गड्यांना सांगितलं. संध्याकाळी तिने झोडून काढलेले जव एक एफा भरले, म्हणजे साधारण बावीस लिटरचं माप.

त्या बहिणीच्या प्रश्नाकडे परत. कोपरा म्हणजे उरलेलं नव्हे. कापणी संपल्यावर जे नको असेल ते द्या, असं आज्ञा म्हणत नाही. कापणी सुरू व्हायच्या आधीच ते तुमचं नाही, असं म्हणते. पगारदार माणसासाठी ह्याचा अर्थ मला असा लागतो: महिन्याचा हिशोब मांडताना तो हिस्सा पहिल्या ओळीला बाजूला काढायचा, आणि घेणाऱ्याला स्वतःच्या हाताने काम करून घेता येईल असं बघायचं. कोणी गरजू मुलाला शिकाऊ म्हणून ठेवेल. कोणी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस सोडेल. त्या बहिणीने पुढच्या आठवड्यात सांगितलं की आठवड्यातले दोन तास तिने वस्तीतल्या मुलींच्या गणितासाठी ठेवलेत. तिच्याकडे सगळ्यात टंचाईची गोष्ट वेळ होती, म्हणून कोपरा वेळेचा.

मी दशांश देतो. तेवढ्याने भागत नाही का?

पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशांश देणाऱ्यांना येशू काय म्हणाला ते मत्तय 23:23 मध्ये आहे. दशांश सोडा असं तो म्हणाला नाही, पण न्याय, दया आणि विश्वास राहिला असं म्हणाला. कोपरा दशांशात धरत नसत.

मजुरीचं वचन आज कसं पाळायचं? आमच्याकडे तर पगार महिन्याने होतो.

19:13 सांगतं: मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. अनुवाद 24:15 अजून अलीकडची वेळ देतं, सूर्य मावळायच्या आत, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. मोठमोठ्या आध्यात्मिक शब्दांच्या तुलनेत ही आज्ञा मला आवडते, कारण ती पाळली की नाही हे घड्याळात दिसतं.

इस्राएलाच्या किनाऱ्याजवळ यावने-यामच्या परिसरात 1960 मध्ये एक खापर सापडलं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरचं. त्यावर शाईने लिहिलेला अर्ज आहे, एका कापणी करणाऱ्या मजुराचा, तिथल्या अधिकाऱ्याला उद्देशून. मी ठरलेलं मोजमाप पूर्ण केलं, धान्य साठवलं, तरी होशायाहूने माझं वस्त्र काढून घेतलं. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे भाऊ साक्ष देतील. माझं वस्त्र मला परत मिळावं. निर्गम 22 मध्ये गहाण घेतलेलं वस्त्र सूर्य मावळायच्या आत परत करायची आज्ञा आहे, ती आठवते. ह्या आज्ञा कोणाच्या अंगावरच्या होत्या, ते त्या खापरावर वाचता येतं.

महिन्याच्या पगाराचा करार असेल तर महिन्याने द्यायला हरकत नाही, पण ठरलेल्या तारखेला. घरकाम करणाऱ्या ताईंना ‘ह्या वेळी सुट्टे नाहीत, पुढच्या वेळी देते’ असं कितीदा म्हटलं ते आठवा. आता फोनवरून पैसे जातात, त्यामुळे सुट्ट्यांची सबबही राहिली नाही. प्लंबर, रंगारी, गवंडी ह्यांचे शेवटचे हजार रुपये ‘काम बघून देऊ’ म्हणून तीन महिने अडवणारे ख्रिस्ती घरमालक मी पाहिलेत. एकदा मीही अडवले होते. त्या सुताराने मागितले नाहीत म्हणून मला वाटलं त्याला घाई नसावी. त्याला मागायची लाज वाटत होती, हे मला फार उशिरा समजलं. याकोब म्हणतो, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. मजूर गप्प असला तरी.

मी दुकानदार आहे. सगळेच थोडंफार करतात. मी एकट्याने काटा सरळ ठेवून कसं चालेल?

मराठीत ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आहे, म्हणजे हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. उसाच्या वजनातली काटामारी काय असते ते ऊस उत्पादकांना विचारा.

19:35-36 मध्ये खरा तराजू, खरी वजनं, खरा एफा आणि खरा हिन मागितलाय. एफा कोरड्या धान्याचा, हिन द्रवाचा. वजनांसाठी मूळ इब्रीत ‘दगड’ असा शब्द आहे, कारण ती दगडाचीच असत. यहूदाच्या प्रदेशात अशी कोरीव खुणांची वजनं पुष्कळ सापडली आहेत, एक शेकेल साधारण 11.3 ग्रॅमचा. पिशवीत दोन तऱ्हेचे दगड ठेवू नका, घ्यायचा मोठा आणि द्यायचा लहान, असं अनुवाद 25:13 म्हणतं. अमोस संदेष्ट्याच्या काळातले व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कधी संपतो ह्याची वाट पाहत बसायचे, एफा लहान आणि शेकेल मोठा करायला (8:5). उपासनेला ते हजर होते. मन काट्यात होतं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: काही दिवस नुकसान होईल. नाही होणार असं सांगणारा प्रचारक मला पटत नाही. वैधमापनवाल्यांचा शिक्का तुमच्या काट्यावर असेलच, पण शिक्का मारून झाल्यावर वर्षभर काटा तुमच्या हातात असतो, आणि आज्ञा त्या वर्षभराची आहे. नोकरदारांनीही हसू नये. प्रवासभत्त्याची फुगवलेली बिलं हाही दुसरा दगडच.

आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नका, असं कोण करतं?

शब्दशः कोणी नाही. 19:14 मध्ये बहिरा आणि आंधळा एकत्र येतात: ज्याला ऐकू येत नाही त्याला शिव्या देऊ नका, ज्याला दिसत नाही त्याच्या वाटेत काही ठेवू नका. दोन्हीत मुद्दा एकच, त्याला कळणारच नाही. आता मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप घ्या आणि त्यातला एक माणूस वगळून केलेला दुसरा ग्रुप घ्या. दुसऱ्या ग्रुपसाठी पहिल्यातला तो माणूस बहिरा आहे. इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्याकडून बँकेच्या कागदावर सही घेणं हे अडखळणच. दोनच वचनं पुढे चहाड्या करत फिरू नका असं आहे.

शेजाऱ्याला दोष दाखवायचा की दोष काढू नका हे पाळायचं?

19:17 म्हणतं, भावाचा मनात द्वेष करू नका, त्याला उघड सांगा. मनात ठेवणं आणि मागे बोलणं ह्या दोन्हीला पर्याय म्हणून तोंडावर सांगणं आलंय. मत्तय 18:15 मध्ये येशू तेच म्हणतो, त्याला एकांतात गाठ. आपल्याकडे क्रम उलटा चालतो: आधी पास्टरांना, मग पंच कमिटीला, मग नातेवाइकांना, आणि त्या भावाला सगळ्यांत शेवटी, तेही दुसऱ्याकडून.

‘यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे’ म्हणून पुढाऱ्यांचं सगळं ऐकायचं का?

नाही. हे वाक्य 1 शमुवेल 15:22 मधलं. शमुवेल ते शौल राजाला बोलला. अधिकार हातात असलेल्या माणसाने लूट ठेवून घेतली आणि वर ‘यज्ञासाठी ठेवली’ अशी सबब दिली, तेव्हा. ते राजाने प्रजेला सुनवायचं वाक्य नाही. एखादा पुढारी ते आपल्या मंडळीला सुनावत असेल, तर वचन उलट्या टोकाने धरलंय. आणि त्याच अध्यायातली अमालेकी ह्या शत्रू लोकांच्या संहाराची आज्ञा त्या राजापुरती, त्या वेळेपुरती होती. कोणाही माणसाला किंवा समाजाला आज ‘अमालेकी’ ठरवायचा परवाना त्यातून निघत नाही.

उपासनेचा वेळ आणि म्हाताऱ्या आईची सेवा, दोन्ही एकाच वेळी आलं तर?

19:3 एकाच वचनात दोन्ही मागतं, आईबापांचा धाक आणि शब्बाथ. दहा आज्ञांत आधी बाप आहे, इथे आधी आई. मार्क 7 मध्ये ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिलंय असं सांगत आईबापांची मदत टाळणाऱ्यांना येशू चांगलाच झापतो. आईला आंघोळ घालायला कोणी नसेल तर घरी थांबा. पण दर रविवारी तीच बहीण घरी थांबत असेल आणि भाऊ पुढच्या बाकावर बसत असतील, तर भावांनी 19:3 पुन्हा वाचावं.

परक्यावर प्रीती म्हणजे कोण परका?

19:34 मध्ये 18 व्या वचनाचेच शब्द परक्यासाठी येतात, ‘आपल्यासारखी प्रीती’. कारणही दिलंय: तुम्ही मिसरात परके होता. कोणाला शेजारी म्हणायचं, ह्या प्रश्नावर येशूने जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या शमरोन्याची गोष्ट सांगितली खरी, पण त्याची वाट ह्या अध्यायातच आखलेली आहे. बांधकामावर आलेलं झारखंडचं कुटुंब, भाड्याने खोली न मिळणारा मुलगा, बेंचवर दूर सरकून ज्याला जागा करून दिली जात नाही तो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत मुंबईला किंवा आखातात परके म्हणून राहिलेलं कोणी ना कोणी असतं, त्यांना विचारा.

हे सगळं जमलं नाही तर? झालेल्या चुकीचं काय?

लेवीय 6 वाचा. कोणी शेजाऱ्याला फसवलं, त्याचं काही दाबून ठेवलं, तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा त्याला परत द्यायचा, आणि दोषार्पणाचा बळीही आणायचा. बळी ख्रिस्ताने एकदाच दिला. पण परतफेड त्याने रद्द केली असं मला कुठे दिसत नाही. जक्कय ह्या जकातदाराने येशूला घरात घेतलं आणि उभा राहून चौपट परत देतो म्हणाला, तेव्हा ‘आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे’ असं उत्तर मिळालं. प्रार्थनेत डोळे पुसणं सोपं. पाचवा हिस्सा मोजताना हात जड होतो.

त्या सुताराचे पैसे मी पुढे दिले, वर वीस टक्के धरून. त्याने वरचे परत केले. मग त्याच्या मुलाच्या शाळेची वह्या-पुस्तकं घेतली, ती त्याने ठेवून घेतली.

हा अध्याय कोणत्या मराठी बायबलात वाचावा?

तुमच्या घरी असेल त्यात. आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर हाती लागलं तर शेजारी ठेवा. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. 1922 मध्ये त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी काम पूर्ण झालं होतं.

शेवटचा, जरा वेगळा प्रश्न: नव्या आंब्याचं फळ पहिली तीन वर्षं खायचं नाही का?

19:23-25. तीन वर्षं फळ वर्ज्य, चौथ्या वर्षाचं परमेश्वराला, पाचव्या वर्षापासून खा. ही आज्ञा कनान देशात गेल्यावर इस्राएलाने लावायच्या झाडांसाठी होती, आपल्यावर तिचं बंधन नाही. पण प्रश्न विचारणारे आमचे बागायतदार काका स्वतःच म्हणाले की कलमाला पहिली काही वर्षं मोहर आला तरी ते खुडून टाकतात, नाहीतर झाड धरत नाही. चौथ्या वर्षी काय करता, असं कोणीतरी विचारलं. काका हसले आणि म्हणाले, आजवर घरी खाल्ले. ह्या मे महिन्यात पहिली पेटी उपासनेनंतर मंडळीच्या ओट्यावर उघडली, आणि साली आवरायला सगळ्यांत आधी तेच वाकले.